ढोलातला ढ

केळव्याच्या किनाऱ्यावर नलूची खानावळ होती आणि नलूकडे एक कॅसेट होती. जेवण झाल्यावरही बाकावर रेलून समुद्राकडे बघत बसणाऱ्या मुंबईच्या गिऱ्हाइकांना उठवण्यासाठी ती कॅसेट लावली जाई. बाहेर माणसं ताटकळत उभी असताना आतल्यांना ‘उठा’ म्हणणं नलूच्या जिवावर येई. कॅसेटला तसला भिडस्तपणा नव्हता. पहिल्या गाण्याच्या मध्यावर गिऱ्हाईक हात धुवायला जाई आणि दुसरं सुरू होईपर्यंत सुरूच्या झाडांत दिसेनासं होई. तिसरं गाणं कसं आहे हे नलूलाही आता आठवत नव्हतं.

१९९३ सालच्या मे महिन्यात मात्र एक गिऱ्हाईक उठलंच नाही. त्याचं नाव कमलाकांत. मूळचा केळव्याच्याच वाडीतला, पण दोन पिढ्या मुंबईत गेलेला. गिरगावात त्याची कॅसेटची छोटीशी कंपनी होती. पोटासाठी तो आरत्या आणि हळदीची गाणी काढायचा आणि मनासाठी विलायतेहून रेकॉर्डी मागवून ऐकायचा. त्याने तिन्ही गाणी ऐकली आणि कॅसेट उलटून लावायला सांगितली. उलट्या बाजूला कुणाच्या तरी बारशाचा गोंगाट होता, तोही त्याने मान हलवत ऐकला. मग गाणारा कोण, असं त्याने विचारलं. नलूला वाटलं, तक्रार आहे.

“माजा बाव हाय तो, पुंडलिक,” ती म्हणाली. “पन आता सुदारलाय. नाय गात.”

दुसऱ्या दिवशी कमलाकांत त्या सुधारलेल्या भावाला शिरगावाहून बरोबर घेऊन दातिवऱ्याला दामूच्या अंगणात हजर झाला. दामू जाळं विणत बसला होता. पुंडलिकाने ओळख करून दिली की हे मुंबईचे साहेब, आणि ह्यांना आपली ‘उधाण बेंजो पार्टी’ आवडली. दामूने हातातली गाठ पुरी केली आणि पाहुण्याची तब्येत बरी आहे ना, याची पुंडलिकाकडे हळूच चौकशी केली.

चौकशी रास्त होती. १९८२ ते ८५ या तीन वर्षांत उधाण बेंजो पार्टी जिथे जिथे वाजली, तिथे दुसऱ्यांदा बोलावली गेली नव्हती. बेंजो दामूचा. खाऱ्या हवेने त्याच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या आणि फक्त चार वाजत होत्या, म्हणून सगळी गाणी चारच सुरांची. ढोल रामकिसनचा. रामकिसन परभणीकडचा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर होता. आठ तास ते मशीन ऐकून त्याच्या हाताला एकच ठेका बसला होता: धाड, धाड, फुस्स. ‘फुस्स’च्या जागी तो काहीच वाजवत नसे, आणि नाचणारी माणसं नेमकी तिथेच तोंडघशी पडत. गळा पुंडलिकाचा. पुंडलिक ग्रामपंचायतीत शिपाई. दवंडी देणं ही त्याची नोकरी. त्याला गाणी पाठ होत नसत, सूचना मात्र एकदा वाचल्या की कायमच्या पाठ. म्हणून तो सूचनाच म्हणायचा. रामकिसनच्या कारखान्यातली ‘यंत्र चालू असताना हात घालू नये’ ही सूचना त्यांचं पहिलं गाणं. केळव्याच्या एका हळदीत त्यांनी ‘मंगळवारी पाणी येणार नाही’ हे दुसरं गाणं म्हटलं, तर सगळ्या बायका नवरीला पाटावर सोडून हंडे भरायला गेल्या.

कमलाकांतला हे सगळं ऐकून गहिवरून आलं. विलायतेत नेमक्या त्याच वर्षांत पोरं असंच काहीतरी वाजवत होती, आणि तिकडे त्याला पोस्ट-पंक म्हणतात, असं त्याने सांगितलं.

दामूने विचार केला. सफाळ्याच्या पोस्टात एक पंखा होता खरा, आणि तोही ‘धाड, धाड, फुस्स’ असाच फिरायचा. पण इतक्या दूर विलायतेत त्याची कीर्ती गेली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. “पोस्टातला पंका,” त्याने आत बघून बायकोला, सुलूला सांगितलं. “आमी त्याच्यावानी वाजवायचो म्हनतात.” सुलूने आतूनच सांगितलं की हे तिने तेव्हाच सांगितलं होतं.

कमलाकांतचा बेत असा होता की या पार्टीच्या जुन्या टेपा गोळा करायच्या आणि ‘उधाण: सुरुवातीची ध्वनिमुद्रणं’ या नावाने एक कॅसेट काढायची. पुंडलिकाने शंका काढली की सुरुवातीची म्हटलं म्हणजे लोक नंतरची मागतील, आणि नंतरची तर नाहीतच. कमलाकांत म्हणाला, म्हणूनच तर त्यांना किंमत आहे. ग्रामपंचायतीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हा युक्तिवाद लगेच पटला.

अडचण पुढेच होती. नलूकडे तीनच गाणी होती. बाकीची अकरा दोन कॅसेटींवर, आणि त्या दोन्ही रामकिसनकडे, कारण गाणी टेप करायचा टू-इन-वन त्याचा. बोईसरच्या त्याच्या खोलीत ज्या दुपारी शेजारी कामावर असत त्या दुपारी ती भरली होती. आणि रामकिसनचा कारखाना आता बंद पडला होता. महिनाअखेरीला तो बिऱ्हाड घेऊन कायमचा परभणीकडे निघाला होता, असं पुंडलिकाच्या कानावर होतं.

दामूच्या हातातली सुई थांबली. “कायमचा?” त्याने विचारलं. पुंडलिक म्हणाला, कायमचा.

आठ वर्षं झाली, दामू आणि रामकिसन एकमेकांशी बोलत नव्हते. बाजाराच्या दिवशी बोईसरला समोरासमोर आले की एक जण कांद्यांकडे बघे, दुसरा बटाट्यांकडे. दामूला वाटायचं, रामकिसन इथेच तर आहे. कधीतरी कांदे संपतील. आता तो जाणार होता, आणि परभणी म्हणजे दामूच्या हिशेबात आफ्रिकेच्या अलीकडचं गाव. कॅसेट निघो न निघो, हा माणूस मनात अढी धरून तसाच गाडीत बसणार, हे दामूला गिळवेना. पण आपणहून जायचं तर कशाला जायचं? चूक रामकिसनची होती.

चूक अशी. ८५ साली रामकिसनच्या कारखान्यात सत्यनारायणाची पूजा होती आणि पार्टीचा कार्यक्रम होता. ढोल दामूकडे असे, कारण रामकिसनच्या दहा बाय दहाच्या खोलीत ढोल ठेवला तर राहीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, बाहेर निजावं लागलं असतं. त्याच पहाटे दामूची डोल फाटली. डोल म्हणजे दर्यात खुंटांना बांधून मारायचं ते मोठं पिशवीसारखं जाळं. ती फाटली की कोळ्याच्या घरात कुणी कार्यक्रमाला जात नाही, लोक त्याच्याकडे येतात. दामूने पुंडलिकाबरोबर निरोप धाडला. पंधरा दिवस अख्खी आळी जाळं सांधत बसली होती. येऊन बसला नाही तो एकटा रामकिसन. नुसतं विचारायलाही आला नाही. आणि वर बाजारात तोंड फिरवलं त्यानेच आधी.

“तुमी जा,” दामू कमलाकांतला म्हणाला. “माजा नाव काडू नका.”

कमलाकांत बोईसरला गेला, दामूचं नाव पहिल्याच वाक्यात काढलं आणि तरीही टेपा घेऊन आला. रामकिसनने एकच अट घातली होती: कॅसेटच्या आतल्या कागदावर तो सांगेल ती एक ओळ छापायची. कमलाकांतने कागदाचा कच्चा नमुना छापून घेतला आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला चार दिवसांनी तो पुन्हा दातिवऱ्याला आला. पुंडलिकाने न वाचता सही केली. सूचना ऐकवायच्या असतात, आपण वाचायच्या नसतात, हे त्याचं तत्त्व होतं.

दामू मात्र चौथीपर्यंत शिकला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याने कागद उन्हाकडे धरून बोटाने एकेक अक्षर घेत वाचला. बेंजोसमोर त्याचं नाव होतं. ढोलासमोर रामकिसनचं होतं. आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात: ‘ढोल दामूने फाडला. त्यामुळे पुढची गाणी झाली नाहीत.’

दामूचं बोट पहिल्याच अक्षरावर परत गेलं. ते अक्षर त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. चार वर्षं गुरुजी त्याला त्याच अक्षराने हाक मारत आले होते. तो ढ होता. डोलीचा ड नव्हता.

त्याने वर पाहिलं. ओटीच्या आढ्याला, गोणपाटात गुंडाळून, ढोल टांगलेला होता. आठ वर्षं तो तिथेच होता. दर दिवाळीला सुलू त्याच्यावरची जळमटं काढी आणि ज्याचा त्याने येऊन न्यावा म्हणून पुटपुटे. त्याला ओरखडाही उमटलेला नव्हता.

“पुंड्या,” दामू म्हणाला, “तू तवा निरोप काय दिलास?”

पुंडलिकाला निरोप पाठ होता, सगळेच असत. “डोल फाटली. दामू येत नाय.”

“तसाच बोललास?”

“एक अक्षर इकडचा तिकडं नाय.”

ते खरंच होतं, आणि तिथेच सगळं बुडालं होतं. दातिवरे काय, शिरगाव काय, या किनाऱ्यावर ढोलाला डोलच म्हणतात. ढ उच्चारायला जो जादा श्वास लागतो तो इथली माणसं वल्ह्यासाठी राखून ठेवतात. परभणीहून नुकता आलेला कुणी असता तर त्याने ‘डोल म्हणजे काय’ असं विचारलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण रामकिसन तोवर तीन वर्षं या लोकांत मुरला होता. हे भाताला बात म्हणतात, घराला गर म्हणतात, तेव्हा गळालेला श्वास आपण मनातल्या मनात परत घालायचा, इतकी बोली त्याला येत होती. त्याने तो परत घातला. फाटला ऐवजी ‘फाटली’ ऐकून तो अडखळलाही नसेल. या लोकांचं लिंग-वचन आपल्यासारखं नाही, हेही त्याला एव्हाना माहीत होतं. अर्धवट शिकलेली भाषा अजिबात न आलेल्या भाषेपेक्षा जास्त माणसं तोडते.

पुंडलिकाने आपली बाजू मांडली. निरोप्याने निरोप द्यायचा असतो. अर्थ लावायला सरकारने वेगळी माणसं नेमली आहेत. दामूचं लक्ष नव्हतं. तो शिडी लावून आढ्याला चढला होता.

दातिवऱ्याहून सफाळ्यापर्यंत एसटीत ढोल मांडीवर आणि सफाळ्याहून बोईसरपर्यंत शटलमध्ये डोक्यावर, असा दामूचा प्रवास झाला. कंडक्टरने हे सामान की माणूस असं विचारलं. दामू म्हणाला, माणसाचं सामान. वाटेत एका बाईने लग्न कुठे आहे म्हणून चौकशी केली. लग्न नाही, असं सांगितल्यावर तिने सहानुभूतीने सरकून जागा दिली.

रामकिसनच्या खोलीत बांधाबांध चालली होती. भांडी पोत्यात गेली होती, भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं होतं. राहीबाई खाटेचे पाय सोडवत होती. दामू उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्याने ढोल आत ठेवला.

“हा तुजा डोल.”

रामकिसनने ढोलाकडे पाहिलंसुद्धा नाही. “शिवून आणलास?”

“शिवायला फाटला कदी?”

तेव्हा रामकिसन खाली बसला. गोणपाट सोडलं. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, त्याला ठिगळ दाखवावं लागत नाही. त्याने अंगठा कडेकडेने फिरवला, आधी एका बाजूने, मग ढोल उलटून दुसऱ्या. हा ढोल त्याच्या बापाचा. परभणीकडच्या जत्रांत तीस वर्षं वाजवून म्हाताऱ्याच्या तळव्याचा जो काळा डाग कातड्यावर पडला होता, तो जिथल्या तिथे होता. रामकिसनने त्या डागावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“मग त्या दिवशी काय फाटलं होतं?”

“डोल.”

“तेच इचारायलो. ढोल तर हा हाय.”

“हा डोल नाय. डोल. माजी डोल.”

“तुजा ढोल कुठून आला? तू तर बेंजो वाजवायचास.”

दामूने एक ढ काढून बघायचा प्रयत्न केला. छाती भरून श्वास घेतला, जीभ टाळूला लावली, आणि बाहेर आला तो खोकला. राहीबाई खाट सोडून पुढे आली. ती म्हणाली, भावजी, तोंडानं राहू द्या, हातानं दाखवा. दामूने दोन्ही हात दारापासून भिंतीपर्यंत पसरले, मग ते जवळ जवळ आणत निमुळते केले, शेवटी मूठ वळली आणि हवेतलं मासळीचं ओझं वर ओढून दाखवलं.

“जाळं म्हनत्यात ते व्हय?” राहीबाई म्हणाली.

रामकिसनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आठ वर्षं तो अन्याय झालेला माणूस होता. बाप मुद्दाम परभणीहून आला होता, कारखान्याच्या अंगणात नव्या धोतरात दुपारपर्यंत बसला होता, ढोल फाटल्याचं ऐकून ‘कातडंच ते’ एवढं म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीत बसला होता; आणि ह्या दाम्याने साधं येऊन तोंड दाखवलं नव्हतं. इतकी मजबूत बाजू माणसाला आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच मिळते. ती अशी एका अक्षराने काढून घेतली की बसायलाही जागा उरत नाही.

“कितपत फाटली होती?” त्याने शेवटी विचारलं.

हा प्रश्न ऐकायची दामूने पंधरा दिवस दाराकडे डोळे लावून वाट पाहिली होती. आठ वर्षांनी आला तरी तो त्याला ताजाच वाटला.

“होडी निगून गेली असती एवडी.”

“आन मी आलो नाय.”

“नाय आलास.”

“दाम्या, मला कळलंच नाय रे.”

“मना तरी कुटं कळला,” दामू म्हणाला आणि उंबरा ओलांडून आत आला.

राहीबाईने बांधलेलं पोतं सोडून चहाचं पातेलं बाहेर काढलं, मग दुसरं सोडून कपबश्या. साखर तिसऱ्यात होती. अर्धं बिऱ्हाड पुन्हा लागलं.

चहा झाल्यावर कॅसेटच्या कागदाचा विषय निघाला. रामकिसनला ती ओळ खोडायची होती. दामू म्हणाला, खोडू नये, दुरुस्त करावी. छापलेल्या कागदात भोक राहिलं तर वाईट दिसतं. दोघांनी बराच खल केला. दामूने सुचवलेल्या मजकुराची लांबी पुंडलिकाच्या दवंडीएवढी झाली. शेवटी रामकिसनने आपल्या जाड अक्षरात जुन्या ओळीवर रेघ मारून खाली तीन शब्द लिहिले: ‘ढोल शाबूत आहे.’ कमलाकांतने पुढे ते तसंच छापलं. मुंबईच्या एका जाणकाराने त्यावर दीड पानाचा लेख लिहिला आणि या तीन शब्दांत यंत्रयुगातल्या माणसाचा संपूर्ण आशावाद सामावल्याचं दाखवून दिलं. कमलाकांतने तो लेख दातिवऱ्याला पाठवला. दामूने तो चौथीपर्यंतच्या शिक्षणावर वाचला आणि त्याला त्यात काही चूक आढळली नाही.

पण ते पुढचं. त्या दुपारी रामकिसन ढोल पुन्हा गोणपाटात गुंडाळता गुंडाळता थबकला. म्हातारा अजून होता. ऐंशीच्या घरात, कानाने जरा कमी, पण ढोलाचं नाव निघालं की अजून त्याच्या बोटांना चाळा लागायचा. त्याच्यापुढे हा ढोल नेऊन ठेवायचा म्हणजे सगळं सांगणं आलं.

“मी सांगितलं तर म्हातारा म्हनंल, दोस्ताला पाठीशी घालायलास,” रामकिसन म्हणाला. “तूच चल.”

दामूने बोटांवर दिवस मोजले. पंधरवड्यात होड्या वर ओढल्या जाणार. नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. सुलू काय म्हणेल याचा त्याने अंदाज घेतला, आणि ती सुके बोंबील बांधून देईल, या निष्कर्षावर आला.

“येतो,” तो म्हणाला. “पन त्यांना समजवू कसा? कानाने कमी म्हनतोस. मी डोल बोलनार, ते परत डोलच ऐकनार.”

दोघेही विचारात पडले. प्रश्न खरोखरच बिकट होता. राहीबाई कप विसळत होती. ती पाठ न वळवता म्हणाली, “निस्तं जाळं म्हना की. तवाच जाळं फाटलं म्हनला असता, तर आठ वर्सं कशाला गेली असती?”

दामूने तिच्याकडे बघितलं. एखाद्याच्या आईला कुणी नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारावी आणि मारणाऱ्याला कळूही नये, तसं त्याला झालं.

“वैनी,” तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला, “डोलीला जाला कोन बोलतं?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. रामकिसन दामूच्या बाजूला सरकून बसला होता.

“तुला नाय कळायचं ते,” तो म्हणाला. “प्रेसला कुनी निस्तं यंत्र म्हनतं का?”